मदत हवी आहे : ससा कालपासून खात नाही

नांदेडहून लिहितेय. आमचा दोन वर्षांचा ससा काल संध्याकाळपासून उपाशी आहे. एरवी कोथिंबिरीची जुडी दिसली की उड्या मारतो, आज काडी नाकाशी धरली तरी तोंड फिरवतो. पाठ वाकवून कोपऱ्यात बसलाय, दात करकर वाजवतोय. लेंड्या मिरीएवढ्या, त्याही चारच. परवा भर दुपारी लाईट गेली होती, बाहेर पारा ४२ वर. उन्हाचा ताण असेल, की पोट अडलंय? ससा १२ तास उपाशी राहिला की आतडी मंदावतात, म्हणून जीव खालीवर होतोय. इथले डॉक्टर गाई-म्हशींचे, ‘उद्या बघू’ म्हणाले. परभणीच्या किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात कुणी ससा नेलाय का? एवढ्या उन्हात त्याला कसं न्यावं? लवकर सांगा.