पावसाळ्यासाठी कादंबऱ्या सुचवा: इतिहासातल्या आणि अद्भुतरम्य प्रेमकथा

अबोली_गुहागर
आम्हां आठ जणींचा वाचकगट आहे. जून ते सप्टेंबर, महिन्याला एक अशा चार कादंबऱ्या ठरवायच्या आहेत. इतिहासातली किंवा अद्भुतरम्य प्रेमकथा हवी, मराठीतलीच. 'स्वामी' आणि 'राऊ' सगळ्यांच्या वाचून झाल्यात. पानोपानी लढाया असल्या की निम्म्या जणी गळतात. आणि आठ प्रती जमवायच्या कशा, तेही सांगा.

गलबत
ताई, जूनला ना. सं. इनामदारांची 'शिकस्त' लावा. 'राऊ' आवडलेल्या गटाला ती हमखास धरून ठेवते. नायिका पार्वतीबाई, म्हणजे 1761 साली पानिपतावर नाहीशा झालेल्या सदाशिवरावभाऊंची पत्नी. नवरा गेला हे तिने अखेरपर्यंत मानलं नाही, कुंकू पुसलं नाही. इथे रणांगणापेक्षा मागे राहिलेल्या वाड्यातली माणसं महत्त्वाची, त्यामुळे तुमच्या गळणाऱ्या मैत्रिणीही टिकतील.

चर्चेला विषय घरचाच आहे: भाऊसाहेबांचा तोतया. तो रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत होता. 1776 साली तिथून सुटला आणि कोकणातले किल्ले भराभर त्याच्या हाती गेले. शेवटी आंग्र्यांनी त्याला पकडलं. न. चिं. केळकरांचं 'तोतयाचे बंड' हे नाटक याच प्रकरणावर आहे, जोडीला जरूर वाचा. इतकी माणसं त्याच्यामागे का गेली, या एका प्रश्नावर अख्खी बैठक रंगते.

माडाची_सावली
अद्भुत आणि प्रेम दोन्ही हवं तर 'ययाति' टाळून चालणारच नाही. वि. स. खांडेकर, 1959. शाप, एका रात्रीत आलेलं म्हातारपण, मुलाकडून मागून घेतलेलं तारुण्य, सगळं आहे. खांडेकर 1920 पासून 1938 पर्यंत शिरोड्याच्या शाळेत शिकवत होते, म्हणजे माणूसही आपल्या किनाऱ्यावर राहिलेला.

वाचताना एक पथ्य पाळा. गोष्ट ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापल्या तोंडाने सांगतात. पहिलं निवेदन ययातीचं, त्यामुळे देवयानीबद्दल मत त्याच्याच डोळ्यांनी बनून जातं. म्हणून तिची बाजू वाचून होईपर्यंत चर्चा ठेवूच नका. भाषा अलंकारिक आहे, एका बैठकीत शंभर पानं ओढली तर सुभाषितांचा थकवा येतो. चारशे पानांचं पुस्तक महिन्याला लावलं तरी रोजची तेरा-चौदा पानं होतात. याला तेवढाच वेग बरा.

जुनं_बाड
वरच्या दोन्ही पुस्तकांना माझी पसंती. उरलेल्या दोन महिन्यांसाठी शंभर वर्षं मागे जा.

हरि नारायण आपट्यांची 'गड आला पण सिंह गेला' आटोपशीर आहे. सती जायला निघालेली कमलकुमारी, तिच्यामागे लागलेला उदयभानू आणि तानाजीची सिंहगडची मोहीम हे धागे एकत्र विणलेत. कमलकुमारीचा भाग कल्पित आहे, इतिहास म्हणून पाठ करू नका. 'उषःकाल'ने सुरुवात मात्र करू नका. ती 'करमणूक'मध्ये क्रमशः आलेली, म्हणून रेंगाळते. लेखक मधूनच वाचकाशी बोलू लागतो, आणि सवय नसलेला वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

चौथी नाथमाधवांची 'वीरधवल'. ही निव्वळ अद्भुतरम्य म्हणून वाचा, सनावळ्या शोधत बसू नका.

आता प्रती. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो. आपटे 1919 साली गेले, नाथमाधव 1928 साली, तेव्हा दोघांच्या कादंबऱ्या स्कॅन करून मोबाइलवर वाचायला मोकळ्या आहेत. 'ययाति' आणि 'शिकस्त' तशा नाहीत. त्यांच्या फिरणाऱ्या पीडीएफ घेऊ नका, दोन-तीन प्रती विकत घेऊन आळीपाळीने वाचा. जुन्या कादंबऱ्यांची नवी आवृत्ती घेताना आतल्या पानावर 'संक्षिप्त' किंवा 'संपादित' लिहिलंय का ते आधी बघा. काटछाटीत प्रसंग उरतात पण बोलणं जातं, आणि प्रेमकथेत तर सगळं बोलण्यातच असतं. गटात चौघींकडे संक्षिप्त आणि चौघींकडे पूर्ण प्रत असली की चर्चेचा पार विचका होतो.

गलबत
कोणी 'कोंडुरा' सुचवील म्हणून आधीच सांगतो. खानोलकरांची कादंबरी जबरदस्त आहे, वेंगुर्ल्याकडचा समुद्र अंगावर येतो, पण ती प्रेमकथा नव्हे. वरदानाबरोबर ब्रह्मचर्याची अट येते आणि पुढे सगळा भयाचा प्रवास. वेगळी म्हणून दिवाळीनंतर घ्या.

अबोली_गुहागर
चारही ठरल्या, मनापासून आभार! वाचनालयातून 'वीरधवल'ची जुनी छापील प्रत मिळतेय. ऐन पावसात आठ घरं फिरवली तर टिकेल का?

जुनं_बाड
शिवण बघा. पुस्तक मधोमध उघडलं की दोरा दिसला तर फिरवा. तारेच्या पिना असतील तर खाऱ्या हवेत त्या गंजतात, भोवतीचा कागद तपकिरी होऊन ठिसूळ होतो आणि पान उलटताना नेमकं तिथेच फाटतं. तशी प्रत एकीच्याच घरी ठेवा, बाकीच्यांनी स्कॅन वाचा. पुस्तक दमट लागलं तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत बुरशी धरते. पंख्याखाली उभं, पानं सैल उघडून ठेवा. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका, सुकली की बहुतेक आपोआप सुटतात. इस्त्री तर अजिबात नको.