अनुभव धागा : तान्हे बाळ अचानक निळे पडले तेव्हा कोणत्या तपासण्या झाल्या?

आई, इंदिरानगर : काल शेजारच्या तीन महिन्यांच्या मुलीचा श्वास झोपेत क्षणभर थांबला, ओठ निळे पडले आणि मिनिटाच्या आत ती पूर्ववत झाली. डॉक्टरांनी ईसीजी काढला, पायाला ऑक्सिजन मोजणारे यंत्र लावून चार तास ठेवून घेतले आणि रक्तही न काढता घरी पाठवले. २००७ साली माझा मुलगा २१ दिवसांचा असताना असाच अचानक लुळा पडला होता. त्याला तापही होता. त्याच्या रक्ताचे कल्चर केले (म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते पाहिले), नळी घालून लघवी घेतली, शिवाय पाठीतले पाणी, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूभोवतीचा द्रव, काढले. "पोराचे पाय अधू होतील," म्हणत सासूबाई दाराशी रडत होत्या आणि मी संमतिपत्रावर सही करत होते. मग या मुलीची यांपैकी एकही तपासणी का नाही?

परिचारिका, नाशिकरोड : ताई, फरक वयाचा आणि तापाचा आहे. २८ दिवसांच्या आतील बाळाला ३८ अंश सेल्सिअस ताप असला, तर मेंदूज्वर नुसते पाहून ओळखता येत नाही, म्हणून तिन्ही नमुने घेतात. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली घालतात, म्हणून ती त्याला लागत नाही. याउलट दोन महिन्यांवरील, पूर्ण दिवसांचे, एरवी निरोगी बाळ अशा पहिल्याच प्रसंगानंतर ठणठणीत असेल, तर रक्ताचे कल्चर किंवा पाठीतले पाणी काढू नये, असे अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सने २०१६ मध्ये सांगितले आहे.

बाबा, पंचवटी : आमच्या मुलीला सव्वा महिना नुकताच झाला होता. ती एकदाही खोकली नाही, फक्त तिचा श्वास थांबे. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात कोण खोकते?" माझी आई तीन आठवडे खोकत होती. नाकातून स्वॅब घेतला आणि डांग्या खोकला निघाला. डांग्या खोकल्यापासूनही वाचवणारी सहा आठवड्यांची पेंटाव्हॅलंट लस अवघ्या दोन दिवसांवर आली होती. आई आजही स्वतःलाच बोल लावते.

आई, सिडको : आजींना सांगा, त्यांचा काही दोष नाही. आमच्याकडे जानेवारीच्या थंडीत आरएसव्ही हा श्वसनमार्गाचा संसर्ग निघाला. तो विषाणू असल्याने अँटिबायोटिकचा उपयोग नव्हता, बाळ पाच दिवस ऑक्सिजनवर होते. कल्चरच्या अहवालासाठी किती थांबावे लागते?

परिचारिका, नाशिकरोड : बहुतेक जंतू ४८ तासांत दिसतात, अंतिम अहवालाला साधारण पाच दिवस लागतात. लहान, आजारी बाळाला औषध मात्र त्याआधीच सुरू करतात.

आई, इंदिरानगर : माझ्या मुलाच्या लघवीत जंतू वाढले होते; पाठीतले पाणी स्वच्छ होते. परिचारिकाताई, सुईबद्दलचे तुमचे वाक्य आज सासूबाईंना वाचून दाखवले. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावले.