मदत हवी आहे: कोच उशिरा बदलला की जास्त खेळाडू संघ सोडून जातात का?

मंडळी, अमेरिकन कॉलेज फुटबॉल नियमित पाहणाऱ्यांना विचारतेय. १० जानेवारी २०२४ ला अलाबामा विद्यापीठाचे कोच निक सेबन निवृत्त झाले आणि तिथल्या खेळाडूंना ट्रान्सफरसाठी, म्हणजे दुसऱ्या कॉलेजच्या संघात जाण्यासाठी, ३० दिवस मिळाले. दोनच दिवसांत वॉशिंग्टन विद्यापीठातून नवे कोच केलन डिबोअर आले, तरी केलेब डाउन्ससारखा मोहरा खेळाडू ओहायो स्टेटला गेलाच. केडिन प्रॉक्टर तर आयोवाला जाऊन परत आला! मिशिगनचे कोच जिम हारबॉ त्याहून उशिरा गेले, पण जागा संघातल्याच सहायक कोच शेरोन मूर यांना मिळाली आणि विल जॉन्सन, मेसन ग्रॅहम हे खेळाडू थांबले. मग महत्त्वाचं काय, तारीख की वारसदार? मला वारसदार वाटतो. पण नोव्हेंबरातल्या, म्हणजे लवकर झालेल्या कोचबदलांशी तुलना करताना, कोचमुळे गेलेले आणि एरवीही गेले असते असे खेळाडू वेगळे कसे काढायचे? कुणी संघवार नोंद ठेवली असेल तर कृपया सांगा.