रेडिओग्राममधील (रेडिओ व रेकॉर्डप्लेअर एकत्र असलेल्या पेटीतील) जुने स्पीकर : क्रॉसओव्हर किती हर्ट्झवर ठेवावा?

प्रश्न : सोलापुरात मंगळवार पेठेतील भंगारवाल्याकडे 8 इंची वूफर (खालच्या स्वरांचा स्पीकर) व कागदी शंकूचा ट्वीटर (वरच्या स्वरांचा) मिळाला, दोन्ही 8 ओहमचे, माहितीपत्रक अर्थातच नाही. छेद (क्रॉसओव्हर, म्हणजे आवाज वूफरकडून ट्वीटरकडे जातो ती वारंवारिता) कोठे घ्यावा?

उत्तर : ट्वीटरसोबत 100 ओहमचा रेझिस्टर मालिकेत जोडून टोन जनरेटरची वारंवारिता हळूहळू वाढवावी, ट्वीटरवरील व्होल्टेज जेथे सर्वाधिक भरेल, तो अनुनाद (ट्वीटर आपणहून सर्वाधिक कंप पावतो ती वारंवारिता), आणि छेद त्याच्या किमान दुप्पट असावा.

प्रश्नकर्ता : अनुनाद 1500 हर्ट्झ भरला. मग छेद 3000, म्हणजे ट्वीटरच्या मालिकेत 6.8 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर?

दुसरे उत्तर : गणित बरोबर आहे; परंतु एकट्या कपॅसिटरचा उतार सप्तकामागे (वारंवारिता निम्मी होताना) 6 डेसिबलच असल्याने अनुनादाजवळचा आवाज ट्वीटरकडे बराच जातो; म्हणून, वूफरचा आवाज त्या वारंवारितेपर्यंत समोरच एकवटू लागला तरी, मी 4.7 मायक्रोफॅरडचा घालून छेद 4200 च्या आसपास नेईन. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मात्र फेकावेत.