ठणकणाऱ्या दाढेचं रूट कॅनाल: इंजेक्शन देऊनही दुखतं का?

प्रश्न
खालची दाढ रात्री आडवं पडलं की ठणकते. गार पाण्याने आलेली कळ बराच वेळ जात नाही. एक्स-रेत कीड नसेपर्यंत पोचलेली दिसतेय. रूट कॅनाल सांगितलंय, दोन बैठका. इंजेक्शन देऊनही दुखतं म्हणतात, खरं का? आणि दोन बैठका कशाला?

प्रतिसाद १
आधी इंजेक्शनचं. ठणकती खालची दाढ बधिर करणं सगळ्यात अवघड. ओठ जड झाला म्हणजे दाढ बधिर झालीच असं नाही. सुरुवातीलाच गार लावून तपासायला सांगा. कळ आली तर दाताच्या कडेने किंवा थेट नसेत आणखी औषध देतात. नसेत देताना काही सेकंद सणकून कळ येते, मग शांत. थांबण्यासाठी हात वर करायची खूण आधीच ठरवून ठेवा.

पुढचं काम कंटाळवाणं असतं, दुखरं नाही. दाढेभोवती रबर डॅम (रबराचा पातळ पडदा) लावतात, म्हणजे लाळ आत जात नाही आणि फाइल (सुईसारखी बारीक कानस) घशात पडत नाही. वरून भोक पाडून नस काढतात, अपेक्स लोकेटर या यंत्राने मुळांची लांबी मोजतात. फाइलने मुळांतल्या नळ्या (ज्यांत नस असते) रुंद करताना मध्ये मध्ये हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने धुतात. ब्लीचसारखा वास येतो तो त्याचाच. खालच्या पहिल्या दाढेत बहुधा ३ नळ्या, कधी ४. एखादी राहून गेली की महिन्यांनी पुन्हा दुखणं उपटतं. शेवटी नळ्यांत गटापर्चा (रबरासारखा पदार्थ) भरतात.

प्रतिसाद २
पू असेल किंवा नळी कोरडी होत नसेल तर आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे जंतुनाशक औषध भरून आठवडाभर ठेवतात. नस जिवंत असेल तर बरेचदा एकाच बैठकीत भागतं. तेव्हा दोन का, हे विचाराच. आणि नुसत्या अँटिबायोटिकने हा ठणका जात नाही, त्यात दिवस घालवू नका.

प्रश्नकर्ता
आभार. नंतर किती दिवस दुखेल?

प्रतिसाद १
चावताना २-४ दिवस ठसठस. तोंड मिटताना तीच दाढ आधी लागत असेल तर भराव उंच झालाय. घासून घ्या, दोन मिनिटांचं काम. सूज वाढली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी दाखवा.

प्रतिसाद ३
कॅप लांबवू नका. तात्पुरता भराव काही आठवड्यांत झिरपायला लागतो. त्यात पोखरलेली दाढ कडक काही चावताना मुळापर्यंत उभी तडकली, तर ती काढावीच लागते.