हातानं बोअर पाडायची टीम गावोगावी तयार करावी का? (सोलापूर जिल्हा)

सीनाकाठ:
परवा नेपाळच्या तराईतला एक व्हिडिओ बघितला, चार जण बांबूची घोडी बांधून लोखंडी पाईप नुसता वर-खाली करून बोअर पाडतात. एक जण वर बसून पाईपच्या तोंडावर तळहात ठेवतो, पाईप वर येताना दाबायचं, खाली जाताना सोडायचं, की आतला चिखल भसाभसा बाहेर. तळहात हाच व्हॉल्व्ह! भोक ढासळू नये म्हणून पाण्यात शेण कालवतात, बास. आफ्रिकेत चाड, नायजरकडं पण हातानं बोअर पाडणाऱ्या टीम ट्रेनिंग देऊन उभ्या केल्यात. मग आपल्याकडं दर उन्हाळ्यात टँकरकडं डोळे लावण्यापेक्षा गावातल्या पाच-सहा पोरांना हे शिकवलं तर काय बिघडतं? बोअरची गाडी तमिळनाडूतनं येणार, पाणी लागो न लागो फुटावर पैसे मोजून घेणार, पुढच्या गावाला जाणार.

जुना_मिस्त्री:
ती गाळाची जमीन हाय ओ, तिथं शे-दोनशे फूट दगडच लागत न्हाय. आपल्याकडं वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या दगड, त्याच्याखाली काळा पाषाण. मी विहिरीवर काम केलंय, यारी लावून. पाषाण लागला की दोघांनी दिवसभर पहार मारून सुरुंगाची दोन-तीन भोकं व्हायची, तीबी हातभर. तिथं तुमचा पाईप आपटून तळहाताचं सालटं निघंल, पाणी न्हाय निघायचं.

सीनाकाठ:
मान्य, पण सगळा जिल्हा पाषाण नाही ना. भीमेच्या, सीनेच्या काठाला गाळ आहे, वाळू आहे. पंढरपूरच्या वाळवंटात बायका झिरा काढून घागरी भरायच्याच की. तेवढ्या पट्ट्यापुरतं तरी बोला.

कोरडवाहू:
नदीकाठच्यांना पाणी आहेच, त्यांनाच अजून द्या 😀 आमच्या सांगोल्याकडं येऊन बघा, वस्तीवर सहा बोअर, चालू एक, आणि तोपण मार्चला गुळण्या टाकतो. भोकांची कमी कधीच नव्हती, खाली शिल्लक काय आहे ते विचारा. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटर (साधारण 200 फूट) किंवा त्याहून खोल बोअर म्हणजे खोल विहीर, त्यावर बंधनं आहेत, आणि आमच्याकडं लोक 500 फुटांच्या गप्पा हाणतात. स्वस्तात भोक पाडायला शिकवलं तर अजून चार पडतील, दुसरं काय.

सीनाकाठ:
हातानं पाडलेलं बोअर बहुतेक वेळा उथळच राहतं हो, साधारण शंभर-सव्वाशे फुटांपर्यंत. 500 फुटाला पाषाण फोडणारी गाडी जाते, माणूस नाही. तुमचा राग गाडीवर आहे आणि काढताय माझ्यावर.

घागर:
मी जरा वेगळं बोलते. युनिसेफनं देशभर बसवलेला इंडिया मार्क 2 हातपंप सोलापूर पंपावरनं बेतलेला आहे, म्हणजे आपल्याच गावात जन्मलेल्या पंपावरनं! आधीचे बिडाचे पंप घरगुती वापराचे, अख्ख्या गावानं हापसले की मोडायचे, हा पोलादी टिकला. आणि आता आमच्या गल्लीतला त्याचाच भाऊ आठ महिने बंद, का तर वायसर गेलंय. वायसर! पोरांना ट्रेनिंग द्यायचंच असेल तर पाईप उपसून वायसर बदलायचं द्या, नवीन भोकाचं नंतर बघू. अजून एक, बांगलादेशात उथळ बोअर घरोघरी पाडले आणि नव्वदच्या दशकात कळलं की पाण्यात आर्सेनिक आहे. पाणी तपासणार कोण, ते पण त्या पोरांच्या ट्रेनिंगमध्ये घ्या.

कोरडवाहू:
वायसरचं पटलं. पण पाणीच खाली गेलं असेल तर वायसर बदलून हापसायचं काय, हवा?

घागर:
आमच्यात 90 फुटाला पाणी आहे, दोरी सोडून मोजलंय. तुमचं तुम्ही मोजा.

जुना_मिस्त्री:
सीनाकाठ, तू रविवारी चार गडी घेऊन नदीकडं ये. पाईप माझ्याकडं पडून हायत, शेण तुझ्याकडं आसंलच. वीस फुटाच्या खाली गेलास तर सगळ्यांना चहा-भजी माझ्याकडनं, मधेच दगड लागला तर तुझ्याकडनं.

सीनाकाठ:
ठरलं. जागा मीच दाखवणार पण.