मदत हवी आहे : चौथीच्या मुलांना समतोल आहार शिकवायचा आहे, पण गोळाभात कोणत्या चौकटीत लावू?

नमस्कार. मी नागपूरच्या पूर्व भागातील एका अनुदानित शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. वर्गात २७ मुले आहेत. बहुतेकांचे पालक हातगाडी, बांधकाम, धुणीभांडी किंवा छोट्या कारखान्यांतील कामावर सकाळी आठच्या आत घराबाहेर पडतात. गेले तीन आठवडे मी आहार, पोषकद्रव्ये आणि पिण्याचे पाणी हा भाग शिकवत आहे. मुलांना तो पाठ झाला आहे. ‘कर्बोदके ऊर्जा देतात, प्रथिने शरीराची वाढ व झीज भरून काढतात, जीवनसत्त्वे व खनिजे रोगांपासून रक्षण करतात’ हे कोणीही झोपेतून उठून सांगेल. तरीही माझ्या शिकवण्यात काहीतरी मुळातच चुकले आहे असे मला वाटते, म्हणून आपला सल्ला हवा आहे.

मी पुठ्ठ्यावर चार मोठ्या चौकटी आखल्या होत्या : कर्बोदके, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, आणि जीवनसत्त्वे व खनिजे. आदल्या दिवशी घरी जे खाल्ले त्याचे चित्र काढून, कापून, योग्य चौकटीत चिकटवायचे असा उपक्रम होता. पोळी, दूध, केळे यांची चित्रे भराभर लागली. मग एक मुलगा हातात पिवळ्या गोळ्यांचे चित्र घेऊन पुठ्ठ्यासमोर बराच वेळ उभा राहिला आणि त्याने विचारले, “मॅडम, गोळाभात कोन्या चौकटीत लावू जी?” तांदूळ पहिल्या चौकटीत, हरभरा डाळीचे गोळे दुसऱ्या, वरून घातलेली तेलाची फोडणी तिसऱ्या, आणि सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात) चौथ्या चौकटीत. मी त्याला चित्राचे चार तुकडे करायला सांगितले. उत्तर चुकीचे नव्हते, पण त्याच्या आईने एका पातेल्यात शिजवलेले जेवण मी कात्रीने कापायला लावले, हे मला दिवसभर बोचत राहिले.

दुसऱ्या दिवशी आयोडीनचा प्रयोग केला. औषधाच्या दुकानातून आणलेले टिंक्चर आयोडीन पाण्यात पातळ करून बटाट्याची फोड, भिजवलेले पोहे आणि भाताचे शीत यांवर एकेक थेंब टाकला, तिन्ही निळेकाळे झाले, मुलांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात एका मुलीने बेसनाच्या चिमटीवर थेंब टाकून पाहिला. तेही काळे पडले. “पण डाळ तर प्रथिनांत आहे ना?” हा तिचा प्रश्न अगदी रास्त होता, कारण डाळीत प्रथिनांच्या दुपटीहून अधिक कर्बोदके असतात. मी तसे सांगितले, पण भिंतीवरचा माझा तक्ता तिच्या प्रश्नापुढे टिकत नव्हता. (प्रथिनांची परीक्षा मी केली नाही. तिला मोरचूद आणि कॉस्टिक सोडा लागतो आणि नऊ वर्षांच्या मुलांच्या हाताजवळ कॉस्टिक सोडा नको, असे माझे ठाम मत आहे.)

आता खरी अडचण सांगते. ‘रोजच्या आहारात दूध, एखादे फळ आणि पालेभाजी हवीच’ असे मी वर्गात सांगितले आणि मग प्रत्येकाला कालच्या दिवसभरात काय खाल्ले ते वहीत लिहायला सांगितले. अकरा वह्यांमध्ये सफरचंद होते. फेब्रुवारीचा महिना आहे, मृग बहाराची संत्री रस्त्यारस्त्यावर ढिगाने विकायला आली आहेत, मुलांच्या खिशांत बोरे असतात, तरी संत्रे दोघांनीच लिहिले आणि बोर कोणीच नाही. भिंतीवरच्या छापील तक्त्यात सफरचंद आहे, म्हणून वह्यांत सफरचंद आले. जिच्या डब्यात मी रोज साखर पसरून गुंडाळलेली पोळी पाहते, त्या मुलीने ‘पोळी, भाजी, दूध, सफरचंद’ असे सुवाच्य अक्षरात लिहिले होते, आणि त्या दिवसापासून ती डब्याचे झाकण अर्धेच उघडून, आत हात घालून खाते. मी तिला खोटे बोलायला शिकवले, असे मला वाटते.

पाण्याचेही असेच झाले. ‘भरपूर पाणी प्या’ असे मी रोज सांगत होते आणि मुलींच्या बाटल्या सुटीनंतरही भरलेल्याच दिसत होत्या. शेवटी एकीने कानात सांगितले की मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराची कडी तुटलेली आहे, म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. आता सकाळची शाळा सुरू होईल, आणि नागपूरचा मार्च-एप्रिल कसा असतो ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको.

एक गोष्ट मात्र जमली. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरील डॉक्टरने स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला, आणि ज्या जोडीला संत्री व लिंबू मिळाले ती काही दिवसांतच सावरली, ही गोष्ट मुलांनी श्वास रोखून ऐकली. एका मुलाचे वडील संत्र्यांची गाडी लावतात, तो त्या दिवशी ताठ मानेने घरी गेला.

तर मला विचारायचे आहे ते असे : चौकटींऐवजी मुलांसमोर काय ठेवावे, गरीब घरातील मुलाला मान खाली घालावी न लागता समतोल आहार कसा शिकवावा, आणि लिंडच्या गोष्टीसारख्या आणखी गोष्टी आहेत का?

प्रतिसाद

मी आहारशास्त्र शिकवते. आपल्या मुलाचा प्रश्न हा आहारशास्त्राचाच प्रश्न आहे, म्हणून आधी गोळाभाताबद्दल लिहिते. प्रथिने अमिनो आम्ले नावाच्या घटकांची बनलेली असतात. तांदळाच्या प्रथिनांत लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते, डाळीत ते भरपूर असते. डाळीत मेथिओनीन हे दुसरे अमिनो आम्ल कमी पडते, ते तांदूळ पुरवतो. म्हणजे हे दोन पदार्थ एकत्र खाल्ले की प्रथिनांचा दर्जा वाढतो. चित्र कापले की नेमकी हीच गोष्ट हरवते. चौकटी काढून टाका आणि पदार्थाचे चित्र मध्ये ठेवून त्याला रंगीत खुणा द्या, ज्या पदार्थातून जे मिळते त्या सगळ्या रंगांच्या. कोणत्याही पदार्थाला एकच खूण मिळत नाही, हे मुलांना आपोआप दिसेल.

शाळेत मिळणारे जेवण हेही आपल्या हाताशी असलेले साधन आहे. प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलासाठी रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी असे प्रमाण आहे आणि त्यातून ४५० किलोकॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा आहे. हे बारा ग्रॅम कुठून येतात ते मुलांना काढू द्या : १०० ग्रॅम तांदळातून साधारण सात ते आठ, २० ग्रॅम तूरडाळीतून चारच्या थोडे वर. तराजूवर २० ग्रॅम डाळ तोलून दाखवा. ती इतकी थोडी असते की मुलांना आश्चर्य वाटते, आणि आपल्या २७ मुलांसाठी ५४० ग्रॅम डाळ लागते हे गणितही त्यातच होऊन जाते.

लोहाबद्दल शिकवताना आपल्या शहरातले तर्री-पोहे (हरभऱ्याच्या तिखट रश्श्यासोबतचे पोहे) घ्या. पोहे व हरभऱ्यातील लोह शरीराला सहजी घेता येत नाही, वर पिळलेल्या लिंबातील क जीवनसत्त्वामुळे ते अधिक शोषले जाते, आणि त्यावर लगेच चहा प्यायला तर चहातील टॅनिन त्यात अडथळा आणते. जेवणाच्या आधी व नंतर तासभर चहा टाळावा, असे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांतही म्हटले आहे. ज्या घरांत मुलांची सकाळ चहा-टोस्टवर निघते, तिथे दूध घ्या म्हणण्यापेक्षा चहा थोडा उशिरा द्या हे सांगणे पालकांना जमण्यासारखे आहे.

गोष्टही देते. १८९० च्या दशकात जावा बेटावर आइकमन नावाच्या डच डॉक्टरच्या लक्षात आले की पांढरा, सडलेला तांदूळ (मुलांना ‘सडलेला’ म्हणजे पॉलिश केलेला, हे समजावून सांगावे लागेल) शिजवून खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासह तांदूळ दिला की त्या पुन्हा चालू लागतात. ब-१ जीवनसत्त्वाची कहाणी इथून सुरू झाली आणि १९२९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रतिसाद

मी उमरेड भागात बत्तीस वर्षे प्राथमिक शिक्षक होतो. ताई, डब्यात काय नाही ते मुलाला कधीही विचारू नका. जे आहे त्याला एक जोड काय देता येईल, एवढेच विचारा. साखर-पोळीला शेंगदाण्याचा कूट किंवा जवसाची चटणी ही जोड झाली. जवसात ओमेगा-३ प्रकारचे स्निग्ध आम्ल असते आणि ते आपल्या विदर्भातलेच पीक आहे. मुनग्याचा (शेवग्याचा) पाला, अंबाडी, हरभऱ्याची भाजी, तीळ, बोरे, पेरू, आवळा ही नावे तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिहा. पेरूत संत्र्याहून कितीतरी अधिक क जीवनसत्त्व असते, ही गोष्ट संत्र्यांच्या गाडीवाल्याच्या मुलाला मात्र हळुवारपणे सांगा.

प्रतिसाद

मी बालरोगतज्ज्ञ आहे. पाण्याबाबत आपण शोधलेले कारण खरे आहे आणि ते माझ्याकडे येणाऱ्या अनेक मुलींच्या बाबतीत दिसते. पाणी न पिणे आणि लघवी रोखून धरणे यांतून बद्धकोष्ठता आणि मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. त्यामुळे कडी बसवणे हा आपल्या पाठाचाच भाग समजा. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ९ ते १३ वर्षांच्या मुलींसाठी दिवसाला एकूण १.९ लिटर आणि मुलांसाठी २.१ लिटर पाणी पुरेसे मानले आहे. यात अन्नातून मिळणारे पाणीही धरलेले आहे, पण हे आकडे सौम्य हवामानासाठी आहेत, नागपूरच्या उन्हाळ्यात गरज त्याहून वाढते. मुलांना लिटर मोजायला लावू नका, लघवीचा रंग फिकट पिवळा असावा, गडद झाला की पाणी कमी पडले, ही खूण त्यांना पुरते. ‘तहान लागली की प्या’ एवढ्यावर न थांबता ठरावीक वेळी सगळ्यांनी मिळून पाणी प्यावे. केरळमधील शाळांनी २०१९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र घंटा सुरू केली होती.

मूळ प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवसांत जेवढे करता आले तेवढे लिहिते.

खुणांसाठी टिकल्यांची पाकिटे आणली : ऊर्जेला पिवळी, प्रथिनांना लाल, स्निग्ध पदार्थांना केशरी, जीवनसत्त्वे व खनिजांना हिरवी, पाण्याला निळी. गोळाभाताला पाचही लागल्या, कारण शिजलेल्या भातात पाणी असते हे मुलांनीच लक्षात आणून दिले. मुलाने नवे, अखंड चित्र काढले आहे. साध्या वरणाला किती टिकल्या द्यायच्या यावर पाऊण तास वाद चालला आणि मी तो चालू दिला.

डाळ तोलली. तळहातावरची २० ग्रॅम डाळ पाहून वर्गात क्षणभर शांतता होती, मग एकाने विचारले, “येवढीच?” त्यावर मला पुरेसे उत्तर देता आले नाही.

जोडीचा खेळ सुरू केला आहे. साखर-पोळी आणणाऱ्या मुलीने परवा स्वतःहून सांगितले की तिची आजी जवसाची चटणी कुटते, पण तिखट लागते म्हणून ती डब्यात नेत नाही. काल तिने चिमूटभर चटणी आणली आणि मला चाखायला दिली. झाकण अजूनही ती अर्धेच उघडते.

कडी आम्ही दोघी शिक्षिकांनी सुताराला बोलावून बसवून घेतली. साडेआठ आणि दहा वाजता सगळा वर्ग एकत्र पाणी पितो आणि मुलींच्या बाटल्या आता रिकाम्या होतात. मात्र गच्चीवरच्या टाकीतून येणारे नळाचे पाणी दहाच्या सुमारास कोमट होऊ लागले आहे आणि मुले ते तोंडात घेऊन टाकून देतात. म्हणून वर्गात दोन माठ ठेवायचे ठरवले आहे. माठ रोज आतून घासून धुणे, स्वच्छ कपड्याने झाकणे आणि पाणी काढण्यासाठी लांब दांड्याचा डोया ठेवणे एवढे मला माहीत आहे. २७ मुले आणि उघडझाप सतत होणार, अशा वेळी तोटी असलेला माठ घ्यावा की डोयाच बरा? तोटीच्या आतील भागाची स्वच्छता कशी ठेवता, हे ज्यांनी शाळेत किंवा अंगणवाडीत माठ वापरले आहेत त्यांनी कृपया लिहावे. येत्या शनिवारी माठ आणायला जायचे आहे.